देवरावजींची डबल बेल

रोज संध्याकाळी मी चक्कीची मोटार बंद केली, की भिंतीपलीकडून एसटीची घंटी ऐकू येते. टण. जरा थांबून पुन्हा टण. कंडक्टरच्या भाषेत याचा अर्थ, गाडी सोडा.

सोडायला गाडी नाही. भिंतीपलीकडे दोन खोल्या आहेत आणि त्यांत देवरावजी एकटे राहतात. यवतमाळ-उमरखेड गाडीवर त्यांनी कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर लोक डेपोतून शाल-नारळ घेऊन घरी येतात. देवरावजी साहेबांना अर्ज करून भंगारात निघालेल्या गाडीची घंटी घेऊन आले. बायको पारबताबाई दोन वर्षांमागे वारल्या, मुलगी अकोल्याला दिलेली. माणूस एकटा पडला की काहीतरी वाजवत बसत असेल, असं मी धरून चालले होते. पिठाची चक्की चालवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या आवाजाबद्दल तक्रार करायचा तसाही हक्क नसतो.

देवरावजी अजूनही चालत्या गाडीत उभे असल्यासारखे उभे राहतात. पाय फाकवून, पाठ कशाला तरी टेकवून. माझ्या चक्कीत आले की पाठ दळणाच्या डब्यांना टेकते आणि शर्टाला पीठ लागतं. दारात गर्दी असली की त्यांच्या तोंडून आपोआप निघतं, "समोर चला, समोर जागा हाये!" समोर माझं जातं असतं. तिथे कोणी सरकलं तर त्याचंच पीठ होईल. पण ते ऐकणाऱ्यातले नाहीत.

घंटीखेरीज त्यांचं दुसरं वेड म्हणजे त्यांचा पक्ष. पक्षाचं नाव इतकं लांबलचक की दारावरच्या पाटीवर ते तीन ओळींत मावतं, आणि घोषणा सुरू केली तर नाव संपेपर्यंत मिरवणूक पुढच्या गल्लीत जाते. म्हणून गाव त्यांना नुसतं बादलीवाले म्हणतं, कारण निशाणी बादली. आमच्या गावातल्या शाखेचे अध्यक्ष देवरावजी, सरचिटणीस देवरावजी आणि सतरंज्या उचलणारे कार्यकर्तेही देवरावजीच. घोषणा त्यांनी स्वतः बनवलेली. "नळाले पाणी येवो न येवो, बादली तयार!" आमच्या गावचे नळ पाहता यात खोटं काही नाही, पण आशा वाटावी असंही काही नाही.

या पक्षात ते शिरले कसे, हे मी एकदा विचारलं होतं.

"ताई, एकदा आमची गाडी घाटात बंद पडली. गाडीत तीन पुढारी होते. दोघं काचेतून पाहत बसले. एकटा खाली उतरला आन धोतर खोचून धक्का मारू लागला. तो या पक्षाचा होता."

"एवढ्यावरून?"

"अजून काय पाह्यजे? ज्याले धक्का मारता येते त्याच्याच हातात गाडी द्यावं."

तो पुढारी कधीच वारला. पक्ष झिजत झिजत पार बारीक झाला. देवरावजी मात्र जागचे हलले नाहीत. दर निवडणुकीला उभे राहायचे, दर निवडणुकीला पडायचे, आणि निकाल लागला की चक्कीत येऊन सांगायचे, "समोर चला, समोर जागा हाये."

यंदाची नगरपरिषदेची निवडणूक वेगळी होती. एक तर ती इतकी वर्षं लांबली होती की मधल्या काळात नगरसेवक म्हणजे कोण, हे पोरांना समजावून सांगावं लागत होतं. दुसरं म्हणजे पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी यवतमाळहून निरोप पाठवला होता. या खेपेला जिल्ह्यात काही दिसलं नाही तर शाखा बंद, पाटी खाली. देवरावजींनी निरोप ऐकला, पाटी पुसली आणि सुतारकाम काढलं.

त्याचं असं आहे की आमच्याकडे या निवडणुकीत एका मतदाराला तीन मतं द्यायची असतात. एक नगराध्यक्षाचं, एक वॉर्डातल्या बाईच्या जागेचं, एक दुसऱ्या जागेचं. तिन्ही बटणं दाबली की मगच मशीन वाजते. पुष्कळ माणसं एक दाबून बाहेर येतात. म्हणून उमेदवार नकली मशीन घेऊन घरोघर फिरतात. त्यावर फक्त स्वतःचं नाव आणि निशाणी असते, बाकीच्या जागा कोऱ्या. म्हाताऱ्या बायांच्या बोटाला तेवढंच एक बटण माहीत व्हावं, हा त्यातला हिशेब.

देवरावजींनी लाकडाची मशीन केली. बटणांच्या तीन ओळी, बाजूला खाचेत सरकवायची एक रंगवलेली फळी, आणि तिन्ही बटणं दाबली की वाजणारी ती एसटीची घंटी. वायरिंग समोरच्या गॅरेजवाल्या हनीफभाईंनी तपासून दिलं. तपासताना त्यांनी फळीकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. फळीवर वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांची नावं होती. सगळ्यांच्या निशाण्या होत्या. मोठ्या पक्षांच्या निशाण्या तर इतक्या सुबक रंगवल्या होत्या, की बघत राहावं. त्यांची स्वतःची बादली तेवढी हंड्यासारखी दिसत होती.

"देवरावजी, ये क्या कर डाला आपने?" हनीफभाई म्हणाले. "सब लोग अपनी बत्ती जलाते. आपने तो पूरे मोहल्ले की जला दी!"

"मंग? गाडीत चढणाऱ्याले एकच सीट दाखवून बाकीच्या झाकून ठेवू काय? त्याले सगळ्या सीटा दिसल्या पाह्यजे. मंग तो बसो कोठीबी."

"बैठेंगे सब दूसरे की सीट पे. आप खडे रहेंगे."

"मले उभं राहायची सवय हाये, हनीफभाई."

मशीन दिवसभर माझ्या चक्कीत असायची, कारण दळण आणणाऱ्या बाया तिथे बसून असतात आणि पीठ होईपर्यंत पळून जाऊ शकत नाहीत. संध्याकाळी ते ती काखेत मारून घरी न्यायचे. गंगाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी पुढे होऊन बटण दाबलं. सरळ मोठ्या पक्षाचं.

"दाबलं वो देवराव."

"दाबलं, पण गंगाबाई, हे तं समोरच्याचं हाये."

"मंग? त्याची माय माह्या माहेरची हाये. तुही माय कोठची?"

"बरोबर हाये. मंग तेच दाबा. पण अजून दोन राह्यले ना. तीन दाबल्याबिगर बाहेर नोका येऊ."

गंगाबाईंनी उरलेली दोनही दाबली. एकही बादलीचं नव्हतं. घंटी वाजली आणि देवरावजींनी टाळ्या पिटल्या. "वाजलं! झालं मतदान! समोर चला!"

मी चाळणी बाजूला ठेवून म्हटलं, "देवरावजी, तुम्ही यांना दुसऱ्याला मत द्यायला शिकवून राहिलात."

"मी मत द्यायले शिकवून राह्यलो, ताई. कोणाले, ते त्यायचं."

"आणि पाटी खाली आली तर?"

त्यांनी बाहीनं बटणं पुसली. मग म्हणाले, "फिरते बाप्पा कधी लोकाईचं मन. इतके दाबतीन तं एखादं आपल्याबी बटणावर पडन." मी माझं मत त्यांना देणार नव्हते, आणि हे त्यांना मी सांगून टाकलं होतं. मला नळ दुरुस्त करून घेणारा माणूस हवा होता. त्यांनी माझ्याकडूनही सराव करून घेतला.

विरुद्ध मतांचा त्यांना कधी राग आला नाही. राग आलेला मी एकदाच पाहिला. एका म्हातारीचा हात बटणांवर थरथरत होता, कोणतं दाबलं कोणतं राहिलं ते तिला कळेना. गहू घेऊन आलेला एक माणूस हसला. फार नाही, फिसकन. देवरावजींनी त्याचा डबा उचलून रस्त्यावर ठेवला.

"हासायचं असन तं बाहेर हास!"

चक्की माझी, गिऱ्हाईक माझं. मला बोलायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी पट्टा ताणायच्या निमित्तानं खाली वाकले.

मतदानाच्या दिवशी मत देऊन गंगाबाई आधी घरी न जाता चक्कीत आल्या. "देवराव, वाजलं वो!" त्यांच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. दिवसभर हेच. "वाजलं." देवरावजी प्रत्येकीला विचारायचे, "तिन्ही दाबले?" कोणाला दाबले हे त्यांनी एकीलाही विचारलं नाही. एखाद्या उमेदवाराचा मतदानाचा दिवस इतका आनंदात गेलेला मी पाहिलेला नाही.

निकालाच्या दिवशी ते दुपारी आले. समोरच्या चौकात मोठ्या पक्षाची मिरवणूक, डीजे, गुलाल. देवरावजींनी डब्यांना पाठ टेकवली.

"काय झालं?"

"पडलो."

"ते कळलं. कितवे?"

"नोटाच्या वर हाओत, ताई. मागच्या खेपेले नोटाच्या खाली होतो." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "समोर सरकून राह्यलो आपण."

मी त्यांना पाणी दिलं. जिल्हाध्यक्षांच्या निरोपाचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. दोघांचंही लक्ष त्यांच्या खिशातल्या फोनकडे होतं. बाकी गावांचे निकाल यायचे होते. फोन वाजला तेव्हा मोटार चालू होती, त्यामुळे पलीकडचं काही ऐकू आलं नाही. फक्त देवरावजी एकदम सरळ उभे राहिलेले दिसले. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका गावात त्यांच्या पक्षाची एक जागा आली होती. एकच, पण आली होती.

देवरावजी धावत गेले आणि पेढे घेऊन आले. चक्कीतल्या सगळ्यांना दिले, हनीफभाईंना दिले, मिरवणुकीतल्या डीजेवाल्यालाही दिले. "आपला एक आला! शाखा राहते आता! पाटी राहते!" निवडून आलेल्यांच्या घरातही एवढा आनंद नसेल. हनीफभाईंनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीनं फोन उघडला. उघडून तो तसाच हातात धरून उभे राहिले.

"देवरावजी, आपका आदमी यही है क्या?"

फोटोत बादलीवाल्यांचा नवा नगरसेवक मोठ्या पक्षाच्या कार्यालयात उभा होता. गळ्यात त्यांचा दुपट्टा. अंगावर अजून आपल्याच विजयाचा गुलाल.

देवरावजींनी फोन जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला. "इतक्या लवकर?" ते म्हणाले. "पेढा बी गिळू देल्ला नाही त्यानं."

दुसऱ्या दिवशी जिल्हाध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले. घराला कुलूप दिसलं म्हणून चक्कीत आले. देवरावजी तिथेच होते. साहेबांनी आधी त्या लाकडी मशीनकडे पाहिलं, तिच्याबद्दल त्यांच्या कानावर आलेलं होतं.

"देवराव, दुसऱ्याच्या निशाण्या रंगवून लोकांना शिकवल्या म्हणे तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे का?"

"हाये ना साहेब. आमच्या वॉर्डात एकही मत अर्धवट नाही गेलं."

"ते जाऊ द्या. आता तो विषय संपला. पक्ष तिकडे विलीन होतो आहे. निवडून आलेला गेलाच, आता आपण कोणाच्या भरवशावर चालवायचा?"

"पडलेल्यांच्या," देवरावजी म्हणाले. "आजवर कोण चालवत होतं? निवडून आला तो गेला. पडलो तो मी हाओ ना अजून इथंच."

साहेब हसले. "निर्णय झाला आहे."

"कोणी केला? मले कोणी विचारलं? एक मत तुमचं, एक माहं. टाय झाली साहेब. चिठ्ठी टाका. ताई काढतीन."

मी हात पुसायला लागले, कारण मी खरोखर काढली असती. पण साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि पाटी काढायला सांगितली. देवरावजींनी स्वतः स्टूल आणून दिलं, स्वतः धरून उभे राहिले, ड्रायव्हर पडू नये म्हणून. पाटी गाडीत ठेवली. साहेब म्हणाले, प्रचाराची बादलीही आणा, गाडीत जागा आहे.

"पाटी पक्षाची होती, न्या," देवरावजी म्हणाले. "बादली माह्या घरची हाये."

त्या संध्याकाळी मी मोटार बंद केली, जातं झाडून घेतलं, आणि घंटी वाजली नाही. सांडलेलं पीठ भरलं. तरी वाजली नाही. साठी उलटलेला माणूस एकटा राहतो आणि त्याची रोजची खूण येत नाही, तेव्हा विचार करत बसण्यापेक्षा जाऊन बघणं सोपं असतं. मी गेले.

दार उघडंच होतं. दारावर पाटी होती तेवढ्या जागेचा रंग ताजा दिसत होता. आत देवरावजी पाटावर ठेवलेल्या मशीनसमोर बसलेले. चूल थंड.

"जेवलात?"

"मतदान नाही झालं अजून."

मला वाटलं, माणूस गेला कामातून. मी जवळ गेले. मशीनच्या खाचेतली फळी उलटी घातलेली होती. ही बाजू मी कधी पाहिली नव्हती, कारण चक्कीत ती नेहमी भिंतीकडे असायची. तिचा रंग जुना होता, बोटं लागून झिजलेला. पहिल्या ओळीत पिठलं, पालकाची डाळभाजी आणि वांगं यांची चित्रं. दुसऱ्या ओळीत भाकर, पोळी, भात. तिसरीत ठेचा, लोणचं आणि कांदा.

"हे काय?"

"ही खरी. मशीन जुनीच हाये. उमेदवार मांगून रंगवले, पाठीमागं." त्यांनी झिजलेल्या बटणावर बोट ठेवलं. "मागच्या निवडणुकीत पारबता मत द्यायले गेलती. मले द्यायले. एक बटण दाबलं आन बाहेर आली. आतून निवडणुकीचा साहेब ओरडला, ओ बाई, परत या. लाइनीतले लोक हासले. घरी आली आन म्हणे, मी आता जात नाही. कधीच नाही. तिले अक्षर येत नव्हतं. म्हून मी भाजीचे चित्रं काढले. म्हटलं, रोज दाबत जाय. जे दाबशीन ते रांधीन. तीन दाबले अन् वाजली, तरच जेवण."

"मग?"

"पक्की झालती, ताई. डोळे मिटून दाबे. म्हणे, येऊ द्या आता निवडणूक, कोण हासते पाहतो." त्यांनी फळी खाचेत नीट बसवली. "निवडणूक काही आली नाही. लांबतच गेली. तिची तब्येत तेवढी थांबली नाही."

मग मला त्या दोन टोल्यांचा उलगडा झाला. एक मत यांचं. एक तिचं, यांनीच दाबलेलं.

"तिचं मत तुम्हाला काय ठाऊक?"

"डाळभाजी. मरेस्तोवर बदललं नाही. माहं पिठलं. भाकरीवर आमची युती हाये, ठेच्यावर बी. भाजीवर रोज टाय."

"टाय झाली की काय करता?"

"तिचं धरतो." मग म्हणाले, "आज दुपारी टाय झाली तं त्या साहेबानं चिठ्ठी बी नाही टाकू देल्ली. मंग आता तिच्यासंगं कोणत्या तोंडानं बसू मतदानाले?"

"त्याच तोंडानं," मी म्हटलं. "आणि पक्ष गेला तर आता काय करणार आहात, ते आधी सांगा."

"करतो काय! जिल्हा परिषद येऊन राह्यली ना. राळेगावकडच्या खेड्याईत घेऊन जातो मशीन. तिथं दोनच मतं असतात. एक ओळ झाकून टाकीन."

"मग उठा. मतदान करा. मला भूक लागली आहे."

त्यांनी तीन बटणं दाबली. टण. मग हात धोतराला पुसला आणि तिची तीन दाबली, जरा हळू. टण. पिठलं एक, डाळभाजी एक.

मी त्यांना बाजूला सारलं आणि पाटासमोर बसले. पिठलं, भाकर, ठेचा. घंटी वाजली. त्या घरात ती एका संध्याकाळी तीनदा कधी वाजली नसावी. देवरावजी फळीकडे बघत राहिले.

"दोन विरुद्ध एक," ते म्हणाले. "ताई, मी निवडून आलो."

"आलात. अभिनंदन."

पेढे कालच संपले होते. त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि चूल पेटवली. मग बेसनाच्या डब्याला हात न लावता तुरीची डाळ काढली आणि पातेल्यात धुवायला घेतली.

"हे काय? पिठलं निवडून आलं ना?"

"आलं ना. पण निवडून आलेला माणूस काय करते ते पाह्यलं नाही काय तुम्ही?" ते पाठमोरे होते. डाळीचं पाणी त्यांनी दोनदा ओतलं, तरी धूतच राहिले. "लगेच तिकडे जाते. मी बी चाललो तिकडे, पारबताच्या पक्षात."

डाळ शिजायला अजून वेळ होता. मी स्टूल ओढलं आणि पालकाची जुडी जवळ घेतली.